वाचकांचे प्रश्न : थकलेला हप्ता, लिलावाची नोटीस आणि एफबीआय

अमेरिकेतल्या वाचकांकडून या वेळी घरकर्जाचेच प्रश्न जास्त आले. बहुतेक पत्रांत एक गल्लत दिसते. घर वाचवणारी यंत्रणा आणि फसवणाऱ्याला पकडणारी यंत्रणा एकच आहे, असं धरून लोक चाललेत. तसं नाही. दोन्हींचे पत्ते वेगळे आणि कामाचा वेग तर फारच वेगळा. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं वगळली आहेत.

प्रश्न : दोन हप्ते चुकले. तिसऱ्या महिन्यात निम्मी रक्कम ऑनलाइन भरली, तरी हप्ता थकलेलाच दिसतो. पत्रांचा ढीग साठलाय, उघडायची हिंमत होत नाही. घर किती दिवसांत जाईल? (एडिसन, न्यू जर्सी)

आधी पाकिटं उघडा आणि तारखेनुसार लावा. या प्रकरणात सगळा खेळ तारखांचा आहे आणि तारखा त्या पाकिटांत आहेत.

तुम्ही ज्यांना हप्ता भरता ती बहुधा बँक नसते, सर्व्हिसर असतो. कर्ज दुसऱ्याच्या मालकीचं, वसुली याची. हप्त्याची तारीख १ असेल तर १५ तारखेपर्यंतची सवलत फक्त दंडापुरती असते. थकबाकीचे दिवस १ तारखेपासूनच मोजले जातात. ३६ व्या दिवसापर्यंत सर्व्हिसरनं तुमच्याशी प्रत्यक्ष बोलण्याचा प्रयत्न करायचा, ४५ व्या दिवसापर्यंत मदतीचे पर्याय लेखी कळवायचे आणि तुमच्या प्रकरणासाठी माणूस नेमून द्यायचा, असा संघीय नियम आहे. त्या माणसाचं नाव आणि थेट नंबर मागून घ्या. थकबाकी १२० दिवसांच्या वर गेल्याशिवाय फोरक्लोजरची (थकलेल्या कर्जापोटी घर विकण्याच्या कारवाईची) पहिली कायदेशीर नोटीस किंवा दावा सहसा दाखल करता येत नाही.

आता ती निम्मी रक्कम. पूर्ण हप्त्यापेक्षा कमी पैसे आले की सर्व्हिसर ते ‘सस्पेन्स’ खात्यात बाजूला ठेवू शकतो. पैसे गेले, पण हप्ता काही भरला गेला नाही. पूर्ण हप्त्याएवढी रक्कम साठली की मगच ती सर्वांत जुन्या थकलेल्या हप्त्याला लागते. म्हणून हातात थोडेच पैसे असतील तर दोन महिन्यांत अर्धे-अर्धे भरण्यापेक्षा एक हप्ता पूर्ण भरा. तो सर्वांत जुन्या हप्त्याला लागला की थकबाकीची तारीख महिनाभर पुढे सरकते आणि १२० दिवसांची मोजणीही त्याबरोबर लांबते. मात्र प्रकरण वकिलाकडे गेल्यावर सर्व्हिसर अर्धवट रक्कम सरळ परतही पाठवतो.

न्यू जर्सीत फोरक्लोजर कोर्टातूनच होतं. दाव्याच्या किमान ३० दिवस आधी ‘नोटीस ऑफ इन्टेन्शन’ येते. तीत थकबाकीचा आकडा आणि ती कधीपर्यंत भरायची ते लिहिलेलं असतं. समन्स मिळाल्यापासून लेखी उत्तराला ३५ दिवस. लोकांची सर्वांत मोठी चूक इथे होते. ‘पैसे तर देणं लागतोच, मग उत्तर काय द्यायचं’ म्हणून गप्प बसतात आणि दावा बिनविरोध पुढे सरकतो. उत्तर देणं म्हणजे कर्ज नाकारणं नव्हे. आकडा चुकला असेल, पाठवलेले पैसे जमा दिसत नसतील, मदतीचा अर्ज चालू असताना दावा लावला असेल, तर ते सांगण्याची जागा तीच. कोर्टाच्या मध्यस्थी कार्यक्रमाची माहिती कागदपत्रांसोबत येते, तिचा फॉर्मही मुदतीतच भरा. शेवटी शेरीफचा, म्हणजे काउंटीच्या पोलीस अधिकाऱ्याचा, लिलाव. तो घरमालकाला दोनदा, प्रत्येकी ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलून मागता येतो. लिलावानंतरही १० दिवस असतात, पण तेव्हा पूर्ण कर्ज फेडावं लागतं, नुसती थकबाकी नाही.

प्रश्न : आमच्या ओळखीत एकाचं घर न्यू जर्सीत दोन वर्षं कोर्टात होतं. म्हणजे आम्हालाही तेवढा वेळ आहे ना? (फ्रिस्को, टेक्सास)

नाही. टेक्सासमध्ये बहुतेक वेळा कोर्टाचा संबंधच येत नाही. राहत्या घरासाठी थकबाकी भरायला २० दिवसांची नोटीस, ती मुदत संपली की लिलावाची किमान २१ दिवसांची नोटीस, आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी १० ते दुपारी ४ च्या दरम्यान. पहिला मंगळवार १ जानेवारी किंवा ४ जुलैला आला तर बुधवारी. मॉर्गेजच्या (घरकर्जाच्या) लिलावानंतर घर सोडवून घेण्याचा हक्क नाही. हातोडा पडला की संपलं.

यात एक खाच आहे, ती कॅलिफोर्नियाच्या वाचकांनीही लक्षात घ्यावी. संघीय नियमाचं संरक्षण हवं असेल तर मदतीचा पूर्ण अर्ज लिलावाच्या ३७ दिवसांहून आधी पोचलेला लागतो. लिलावाची नोटीस मात्र टेक्सासात २१ दिवसांची आणि कॅलिफोर्नियात साधारण २० दिवसांची असते. म्हणजे नोटीस हातात पडली तेव्हा ३७ दिवसांची गाडी कधीच सुटलेली असू शकते. उलट, लिलावाची तारीख ठरण्याआधी पूर्ण अर्ज पोचला, तर तो लिलावाच्या ९० दिवसांहून आधी आला असं मानतात आणि सगळे हक्क मिळतात, नकारावर १४ दिवसांत अपील करण्याचाही. तेव्हा ‘नोटीस आली की बघू’ हे धोरण या दोन राज्यांत चालत नाही.

प्रश्न : मदतीचा अर्ज तीनदा पाठवला. दर वेळी ‘अपूर्ण’ म्हणून पत्र येतं. मुद्दाम छळतायत का? (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

कधीकधी सर्व्हिसरचा गलथानपणा असतोच. पण ‘अपूर्ण’ची नेहमीची कारणं ठरलेली आहेत आणि त्यांतली बरीच घरबसल्या काढून टाकता येतात.

बँक स्टेटमेंट ‘६ पैकी ६ पानं’ म्हणत असेल तर सहाही पानं लागतात, अगदी ‘हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे’ असं छापलेलं शेवटचं पानसुद्धा. आपण ते कागद वाचवायला गाळतो आणि तपासणारा ‘पान ६ नाही’ म्हणून फाइल बाजूला ठेवतो. मोबाइलवर काढलेला खात्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. साधारणपणे मागतात ते असं: गेल्या ३० दिवसांच्या पगारपावत्या, सर्व खात्यांची दोन महिन्यांची स्टेटमेंट, सहीचा टॅक्स रिटर्न आणि तो आयआरएस या कर खात्याकडून पडताळून घ्यायला परवानगीचा फॉर्म ४५०६-सी, अर्जाचा मुख्य फॉर्म आणि अडचणीचं पत्र. धंदा करत असाल तर नफातोट्याचा तक्ता. घरात राहणारा दुसरा कोणी खर्चाला हातभार लावत असेल तर त्याचा पुरावा.

दुसरं कारण शिळे कागद. तुम्ही तिसरा कागद जमवेपर्यंत पहिली पगारपावती जुनी होते आणि फेरा पुन्हा सुरू. म्हणून सगळं एकाच दिवशी, एकाच पीडीएफमध्ये पाठवा आणि प्रत्येक पानावर कर्ज क्रमांक लिहा.

तिसरं आपल्या लोकांत फार दिसतं, ते नावाचं. डीडवर (घराच्या मालकीच्या दस्तावर) लग्नाआधीचं आडनाव, पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, पगारपावतीवर मधलं नाव गाळलेलं, बँकेत नुसतं आद्याक्षर. संगणकाला या चार बायका वाटतात. ‘या सर्व नावांची व्यक्ती मीच’ असं एक सहीचं निवेदन आणि सोबत विवाह प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच वेळी जोडा.

अडचणीचं पत्र एका पानाच्या आत हवं. काय झालं आणि कोणत्या तारखेला, उत्पन्न किती होतं आणि आता किती, अडचण तात्पुरती की कायमची, आणि तुम्हाला घर ठेवायचं आहे की विकायचं. ‘मुलांचं भवितव्य’ वगैरे परिच्छेद कोणी वाचत नाही. तारखा आणि आकडे वाचतात.

लिलावाला ४५ दिवस किंवा जास्त असताना अर्ज पोचला तर काय मिळालं, काय राहिलं हे ५ कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवणं सर्व्हिसरवर बंधनकारक आहे. अर्ज पूर्ण झाला की ३० दिवसांत निर्णय. आणि पूर्ण अर्ज ३७ दिवसांच्या हद्दीत बसत असेल तर निर्णय होईपर्यंत त्याला लिलाव करता येत नाही. हे नियम पाळले गेले नाहीत तर ‘नोटीस ऑफ एरर’ (चूक दाखवणारं लेखी पत्र) पाठवा. मात्र हप्त्याच्या पत्त्यावर नको, स्टेटमेंटच्या मागे बारीक अक्षरांत वेगळा पत्ता दिलेला असतो त्यावर, सर्टिफाइड मेलनं. तिकडे गेलेल्या पत्राला ५ कामकाजाच्या दिवसांत पोच आणि साधारण ३० कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणं भाग असतं. (लहान सर्व्हिसरांना यातल्या काही नियमांतून सूट आहे, १२० दिवसांच्या नियमातून नाही.)

निर्णयात काय मिळू शकतं? फोरबेअरन्स म्हणजे हप्ता काही महिने थांबवणं. माफी नव्हे. डिफरल किंवा एफएचए (सरकारी विम्याच्या) कर्जात ‘पार्शल क्लेम’ म्हणजे थकलेली रक्कम उचलून कर्जाच्या शेवटी टाकणं. मॉडिफिकेशन म्हणजे व्याज वा मुदत बदलून हप्ता कमी करणं, मुदत ४० वर्षांपर्यंत ताणली जाऊ शकते. आमचं मत विचाराल तर जुनं व्याज ३ टक्क्यांचं असेल तर डिफरल किंवा पार्शल क्लेम आधी मागा. मॉडिफिकेशनमध्ये ते स्वस्त व्याज हातचं जाऊ शकतं. एकाच थकबाकीसाठी नियमांचं हे संरक्षण एकदाच मिळतं, हेही ध्यानात ठेवा.

हे सगळं एकट्यानं करायची गरज नाही. ‘हड’ या गृहनिर्माण खात्याची मान्यता असलेले समुपदेशक फोरक्लोजर टाळण्यासाठी फुकट मदत करतात: ८८८-९९५-४६७३ किंवा ८००-५६९-४२८७.

प्रश्न : एकही हप्ता चुकवला नाही, तरी थकबाकीचं पत्र आलं. (शिकागोजवळून)

तीन शक्यता तपासा. सर्व्हिसर बदलला असेल आणि हप्ता जुन्याकडे गेला असेल, तर बदलानंतर ६० दिवस जुन्याकडे वेळेत पोचलेला हप्ता उशिराचा धरता येत नाही. पावती नव्याला पाठवा. दुसरी शक्यता एस्क्रोची, म्हणजे हप्त्यातून टॅक्स आणि विम्यासाठी बाजूला ठेवल्या जाणाऱ्या रकमेची. प्रॉपर्टी टॅक्स किंवा विमा वाढला, हप्ता वाढला, पण तुमचं बँकेतलं ऑटो-पे जुन्याच रकमेवर राहिलं. दर महिन्याला ४० डॉलर कमी गेले की पूर्ण हप्ताच सस्पेन्समध्ये. एस्क्रोची तूट एका महिन्याच्या एस्क्रो रकमेएवढी किंवा जास्त असेल तर ती एकरकमी मागता येत नाही, किमान १२ महिन्यांत विभागून द्यावी लागते. तिसरी शक्यता विम्याची. पॉलिसी खंडित झाली असं समजून सर्व्हिसरनं स्वतःची महागडी पॉलिसी लादली असेल. पॉलिसी चालूच होती याचा पुरावा दिलात तर दोन्ही पॉलिसींच्या एकाच काळाचे पैसे परत करावे लागतात.

प्रश्न : एका कंपनीनं ३,५०० डॉलर आगाऊ मागितलेत. म्हणतात, ‘आता बँकेशी बोलू नका, हप्ता आमच्याकडे भरा, ९० दिवसांत हप्ता निम्मा करून देतो.’ त्यांच्या पत्रावर गरुडाचं चिन्ह आहे. सरकारी योजना असेल का? (एडिसन आणि डॅलस, दोन पत्रं)

नाही. त्या तीन वाक्यांत तीन धोके आहेत.

आगाऊ पैसे: २०१० मध्ये एफटीसीनं (संघीय व्यापार आयोगानं) आणलेल्या संघीय नियमानुसार कर्जात सवलत मिळवून देणारी कंपनी, बँकेकडून लेखी प्रस्ताव आणून तुम्ही तो स्वीकारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ शकत नाही. वकिलांना मर्यादित सूट आहे: तो तुमच्या राज्यात परवानाधारक हवा आणि आगाऊ रक्कम त्यानं अशिलाच्या ट्रस्ट खात्यात ठेवायला हवी. कुठल्यातरी दूरच्या राज्यातल्या वकिलाचं नाव पत्राच्या डोक्यावर छापलं म्हणजे ही अट पुरी होत नाही.

बँकेशी बोलू नका: असं सांगणंही त्याच नियमानं बंद आहे. तुम्ही बोललात तर अर्ज पोचलाच नाही हे कळेल, म्हणून ते तोंड बांधतात. आणि हप्ता तिकडे भरलात तर थकबाकी वाढत जाते, १२० दिवस उलटतात, मग ३७ दिवसांची हद्दही.

याहून वाईट प्रकार डीडचा. ‘घर तात्पुरतं आमच्या नावावर करा, भाड्यानं राहा, दोन वर्षांनी परत घ्या.’ मालकी त्यांची होते आणि कर्ज तुमच्याच नावावर राहतं. ते घरावर नवं कर्ज उचलून पसार होतात किंवा भाडं चुकलं म्हणून तुम्हालाच बाहेर काढतात. आणखी एका प्रकारात घराचा छोटा हिस्सा दिवाळखोरीत गेलेल्या अनोळखी माणसाच्या नावावर करायला लावतात. दिवाळखोरी कोर्टाच्या आपोआप स्थगितीमुळे लिलाव थांबतो, तुम्हाला वाटतं काम झालं. काही आठवड्यांत कोर्टाच्या लक्षात येतं, स्थगिती उठते आणि तुम्ही एका गुन्ह्याच्या कागदावर सही केलेली असते.

खरी, स्वतःची चॅप्टर १३ दिवाळखोरी वेगळी. ती लिलाव होण्याआधी दाखल केली तर थकबाकी ३ ते ५ वर्षांत फेडायची योजना करता येते, मात्र चालू हप्ताही भरत राहावा लागतो. दाखल करण्याआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून क्रेडिट समुपदेशन घ्यावं लागतं. आदल्या रात्री धावपळ करणारे नेमके इथे अडकतात. त्यासाठी स्थानिक वकील बघा.

प्रश्न : आम्ही अशाच कंपनीला पैसे देऊन बसलो. एफबीआयकडे तक्रार केली तर फोरक्लोजर थांबेल का? मुळात एफबीआय, शेरीफ, मार्शल यांत कोण काय करतं? (जर्सी सिटी)

फोरक्लोजर थांबणार नाही, आणि हे आधी सांगणं गरजेचं आहे. तक्रार दिली म्हणून निर्धास्त राहिलेल्या घरमालकांची घरं तक्रार चालू असताना लिलावात गेलेली आहेत. तुमचं घर सर्व्हिसर, राज्यातलं कोर्ट किंवा दिवाळखोरी कोर्ट एवढेच थांबवू शकतात. म्हणून त्याच दिवशी दोन कामं समांतर करा: समुपदेशकामार्फत सर्व्हिसरकडे स्वतःचा अर्ज, आणि दुसरीकडे तक्रार.

एफबीआय न्याय खात्याखाली काम करते. गुन्हा झाला का ते तपासते आणि पुरावा संघीय सरकारी वकिलाकडे देते. खटला तो चालवतो. एफबीआय तुमची वकील नाही, तुमच्यातर्फे वसुली करत नाही, आणि प्रत्येक तक्रारीवर उत्तरही देत नाही. मग तक्रार कशाला? कारण एका घराचे ३,५०० डॉलर म्हणजे किरकोळ बाब, पण तेच फोन नंबर, तेच बँक खातं आणि तोच पत्ता शंभर तक्रारींत दिसला की टोळी उभी राहते. घरकर्जाच्या फसवणुकीत एफबीआयचा जोर नफ्यासाठी केलेल्या संघटित गुन्ह्यांवर असतो. त्यात व्यवसायातलेच लोक असतात: दलाल, मूल्यांकन करणारे, क्लोजिंग (खरेदी-विक्रीचा अंतिम व्यवहार) करणारे, वकील.

तक्रार आयसी-थ्री या एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राच्या संकेतस्थळावर करा. पत्ता स्वतः टाइप करा, शेवटी ‘डॉट जीओव्ही’ आहे ना ते पाहा, कारण या संकेतस्थळाच्या हुबेहूब नकला निघाल्या आहेत. तक्रारीत भावना कमी, खुणा जास्त: पैसे कोणत्या तारखेला, किती, कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात, वायर (बँकेतून थेट पाठवलेली रक्कम) की झेल (बँकांची पैसे पाठवण्याची सेवा) की चेक, समोरच्याचे फोन, ईमेल, करारातलं कंपनीचं अचूक नाव. सबमिट केल्यावर लगेच प्रत जतन करा, ती नंतर मिळत नाही. पत्रं टपालानं आली असतील तर पाकिटं फेकू नका. टपालाचा वापर करून फसवणं हा स्वतंत्र संघीय गुन्हा आहे, तो पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिस तपासते आणि पाकिटावरचा शिक्का हाच पुरावा. कर्ज एफएचएचं असेल तर ‘हड’च्या महानिरीक्षक कार्यालयाला कळवा, फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या घरकर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांचं असेल तर त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या एफएचएफएच्या. राज्याच्या अॅटर्नी जनरललाही. त्यांचं कार्यालय कधीकधी पैसे परत मिळवून देतं, एफबीआयपेक्षा लवकर.

पैसे वायरनं नुकतेच गेले असतील तर मात्र तासांची लढाई आहे. आधी स्वतःच्या बँकेला फोन करून वायर परत बोलवायला सांगा, ‘फ्रॉड’ हा शब्द वापरून. लगेच आयसी-थ्रीवर तक्रार टाका. त्यांचं पथक बँकांशी संपर्क साधून पैसे गोठवायचा प्रयत्न करतं, आणि ७२ तासांच्या आत कळवलं तर यशाची शक्यता जास्त असते. थकबाकी भरताना वायरचे तपशील ईमेलनं ‘बदलले’ तर ते कधीच खरे धरू नका. स्टेटमेंटवर छापलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा.

राहिला दारावरचा माणूस. राज्यातल्या फोरक्लोजरनंतर घर रिकामं करून घ्यायला काउंटीचा शेरीफ किंवा कॉन्स्टेबल येतो, कोर्टाचा आदेश घेऊन. यूएस मार्शल फक्त संघीय कोर्टाच्या आदेशांसाठी येतात, नेहमीच्या घरकर्जात ते क्वचित दिसतात. एफबीआयचा एजंट घर रिकामं करायला येत नाही. तो चौकशीला आला तर ओळखपत्र पाहा, स्थानिक कार्यालयाला फोन करून नाव पडताळा आणि हवं तर ‘वकिलाशी बोलून सांगतो’ म्हणा. गप्प राहणं हा गुन्हा नाही. संघीय अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटं सांगणं मात्र आहे, ५ वर्षांपर्यंत शिक्षेचा.

प्रश्न : पुण्यात राहणाऱ्या वडिलांना व्हिडिओ कॉल आला. ‘एफबीआयमधून बोलतोय, तुमच्या मुलानं मॉर्गेजमध्ये फसवणूक केली, अटक टाळायची तर पैसे भरा.’ (सॅन होजे)

सरळ बनाव. एफबीआय फोनवर पैसे मागत नाही, अटकेची धमकी देऊन ‘सेटलमेंट’ करत नाही. भारतात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. बाबांना सांगा: कॉल तोडायचा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. आणि फसलेल्या माणसाला काही महिन्यांनी दुसरा फोन येतो, ‘आम्ही आयसी-थ्रीचे, तुमचे पैसे मिळाले, फी भरा.’ तोही त्याच माळेतला. ते केंद्र कोणाला थेट फोन करत नाही.

प्रश्न : एच-वनवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असताना लेऑफ झाला. ६० दिवसांत नोकरी नाही मिळाली तर परत जावं लागेल. घराचं काय करू? किल्ली सर्व्हिसरला पाठवून निघून गेलो तर? सासरे भारतातून पैसे पाठवायला तयार आहेत. (प्लेनो, टेक्सास)

किल्ली पाठवून निघून जाणं हा सर्वांत महाग मार्ग. लिलावात किंमत पडेल आणि राहिलेल्या रकमेसाठी टेक्सासमध्ये लिलावानंतर दोन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. (कॅलिफोर्नियात घर विकत घेण्यासाठीच काढलेल्या, राहत्या घराच्या मूळ कर्जावर असा दावा चालत नाही, पण तो कॅलिफोर्नियाचा कायदा.)

लेऑफचं पत्र हातात पडल्याच्या आठवड्यात, हप्ता चुकण्याआधीच, सर्व्हिसरला कळवा. कर्ज फॅनी मे किंवा फ्रेडी मॅकचं आहे का ते त्यांच्या संकेतस्थळांवर पत्ता टाकून बघता येतं. तसं असेल तर सहा महिन्यांपर्यंतचं फोरबेअरन्स, लागल्यास आणखी वाढवून, मागता येतं. व्हिसाचा प्रश्न त्यात आड येत नाही. मे २०२५ पासून तात्पुरत्या व्हिसावाल्यांना नवं एफएचए कर्ज बंद झालं आहे, पण आधी घेतलेल्या कर्जावरचे हक्क तसेच आहेत.

घराची किंमत कर्जापेक्षा जास्त असेल तर निर्णय लवकर घेऊन विका. इथे कराचा एक मुद्दा लोक विसरतात. अमेरिकेचे कर-निवासी असताना क्लोजिंग झालं तर तसं प्रतिज्ञापत्र देऊन पूर्ण पैसे मिळतात. भारतात परतून अनिवासी झाल्यावर विकलंत तर खरेदीदाराला साधारणपणे विक्रीच्या किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून आयआरएसला भरावी लागते. नफ्याच्या नाही, किमतीच्या. खरेदीदार स्वतः राहायला घेत असेल आणि किंमत ३ लाख डॉलरपर्यंत असेल तर कपात नाही, १० लाखांपर्यंत १० टक्के. जास्तीचे पैसे रिटर्न भरून परत मिळतात, पण तोवर कर्ज फेडायला क्लोजिंगला पैसेच कमी पडतात. किंमत कर्जापेक्षा कमी असेल तर शॉर्ट सेलसाठी सर्व्हिसरची परवानगी मागा आणि उरलेली रक्कम माफ असल्याचं लेखी घ्या. माफ झालेल्या रकमेचा १०९९-सी हा फॉर्म येईल, ती रक्कम उत्पन्न धरली जाते. त्या वेळी देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर फॉर्म ९८२ भरून त्यावरचा कर टाळता येतो.

सासऱ्यांच्या पैशांबद्दल: भारतातल्या निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. १० लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ गोळा होणारा कर) घेते, तो त्यांच्या आयकरात वळता होतो, पण तेवढी जादा रक्कम हाताशी लागते. तुम्हाला अमेरिकेत त्या भेटीवर कर नाही. वर्षात परदेशातून आलेली भेट १ लाख डॉलरहून जास्त झाली तर फॉर्म ३५२० मात्र भरा, उशिराचा दंड जबर आहे. आणि सासऱ्यांचे पैसे मागवण्याआधी एक हिशेब करा: त्यातून किती महिन्यांचे हप्ते निघतील आणि त्यानंतर काय. नोकरीची ठोस चिन्हं नसताना त्यांची ठेव मोडून सहा हप्ते भरायचे आणि सातव्याला घर सोडायचं, याला आम्ही तरी होकार देणार नाही.

प्रश्न : मित्र म्हणतो, अर्जात तळघराच्या भाडेकरूचं भाडं दाखवू नको, सवलत जास्त मिळेल. (क्वीन्स, न्यूयॉर्क)

दाखवा. कर्जाच्या अर्जात, सवलतीच्या अर्जातही, जाणूनबुजून खोटी माहिती देणं संघीय गुन्हा आहे आणि कायद्यात त्याची कमाल शिक्षा ३० वर्षं व १० लाख डॉलर दंड आहे. प्रत्यक्षात एवढ्याशा भाड्यासाठी कोणी ३० वर्षं आत जात नाही. पण झेलनं दर महिन्याला येणारे १,१०० डॉलर तुम्हीच पाठवलेल्या स्टेटमेंटवर दिसतात, आणि मग खरा अर्जही फेटाळला जातो. शिवाय तोटा तुमचाच. उत्पन्न फारच कमी दाखवलं तर ‘नवा हप्ताही झेपणार नाही’ म्हणून मॉडिफिकेशन नाकारतात. भाडं धरून हप्ता बसत असेल तर ते भाडंच तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

प्रश्न : घराची कागदपत्रं परस्पर दुसऱ्याच्या नावावर होऊ नयेत म्हणून महिना २० डॉलरची सेवा घ्यावी का? (बॉस्टनजवळून)

एफबीआयच्या बॉस्टन कार्यालयानं २०२५ मध्ये खोट्या डीडच्या गुन्ह्यांबद्दल इशारा दिला होता, तेव्हा भीती अगदीच निराधार नाही. रिकामी जमीन, कर्ज फिटलेलं घर आणि मालक परदेशात असलेलं घर हे चोरांचं आवडतं सावज. पण पैसे देऊ नका. अनेक काउंट्यांच्या नोंदणी कार्यालयात फुकट सूचना सेवा असते: तुमच्या नावानं काही नोंदलं गेलं की ईमेल येतो. नाव जितक्या प्रकारे लिहिलं जातं तितक्या प्रकारे नोंदवा, मधल्या नावासकट आणि त्याविना. सूचना नोंद झाल्यावरच येते, आधी नाही. तेव्हा ईमेल आला की त्याच दिवशी नोंदणी कार्यालय, पोलीस आणि टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) कंपनी, तिघांनाही गाठा.